मामेर्तोला दिलेला शब्द

१८ जानेवारी १८२५, तिकापंपा

आज दुपारी मीठवाले खेचरं घेऊन वर आले. त्यांच्याकडून कळलं की पेरूत, आयाकुचोच्या माळावर, स्पेनच्या राजाची फौज संपली. व्हाइसरॉय कैदेत आहे. मी तीनदा विचारलं. म्होरक्या म्हणाला, "कर्नल, मी काही पाहिलं नाही. पण ज्याने पाहिलं, त्याच्याशी बोललेल्या माणसाशी बोललोय."

पंधरा वर्षं या बातमीची वाट पाहिली. आली तेव्हा मी दगडावर बसून गुडघ्याला लामाची चरबी चोळत होतो. काही वाटलंच नाही. चरबी पुसली, उठलो आणि लोकांना सांगितलं.

मग मात्र गावाने मक्याच्या दारूचे रांजण उघडले. बायका नाचल्या. माझी पेत्रोनाही नाचली, चार वर्षांनी पहिल्यांदा. मामेर्तो चोके तेवढा कोकाची पानं चघळत बाजूला बसला होता. मामेर्तो या डोंगरातल्या मूळच्या इंडियन लोकांचा नायक, आणि माझा कोम्पाद्रे. त्याच्या मुलीचा, असुंताचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मबाप म्हणून तिला मी हातात धरलं होतं, तेव्हापासूनचं हे नातं.

"पितोस का नाही?" मी विचारलं.

"ओविएदो अजून खाली सान रोकेत बसलाय. त्याचं काय करणार?"

बाल्तासार ओविएदो हा राजाचा तिथला अंमलदार. चार वर्षांपूर्वी त्याने हे तिकापंपा जाळलं आणि अकरा जणांना नदीवरच्या पुलाला टांगलं. त्यांत पेत्रोनाचा धाकटा भाऊ इसिद्रो होता.

"त्याच पुलाला टांगणार," मी म्हणालो.

मामेर्तोने मान हलवली आणि पेला उचलला.

१९ फेब्रुवारी

आम्ही उतरायच्या तयारीत होतो. तीनशे नव्वद माणसं, त्यांपैकी बंदुका दोनशेंकडे, त्यातल्या निम्म्या चालणाऱ्या. आणि आज खालून बातमी आली की ओविएदोने टोपी फिरवली. गेल्या रविवारी मिस्सानंतर त्याने चौकात राजाचा झेंडा उतरवला, नवा चढवला आणि शिपायांकडून स्वातंत्र्याचा जयघोष करून घेतला. म्हणजे सान रोके स्वतंत्र झालं, आणि ते ओविएदोने केलं.

मामेर्तो पोट धरून हसला. इतका की त्याला ठसका लागला. "पंधरा वर्षं आपण काय करत होतो रे? त्याला नुसता निरोप धाडला असता तर?"

मला हसू आलं नाही. उत्तरेकडून आलेल्या फौजेच्या सेनापतीला आज सविस्तर पत्र लिहिलं. अकरा नावं घातली. सेनापती न्यायी आहे म्हणतात. नावं वाचल्यावर तो ओविएदोला ठेवणार नाही.

२ मार्च, सान रोके

सेनापतीचं उत्तर इथे पोचल्यावर हातात पडलं. माझ्या सेवेबद्दल चार चांगल्या ओळी आहेत. ओविएदोला प्रांताचा गव्हर्नर नेमला आहे. देश उभा करताना मागचं विसरावं लागतं, असं लिहिलंय. अकरा नावांचा उल्लेख नाही. बहुधा ते पान वाटेत गहाळ झालं असावं.

आम्ही अकराच्या सुमारास शहरात शिरलो. लोक गच्चीवरून बघत होते. आमच्या पायांत बूट नव्हते, कच्च्या कातड्याच्या चपला; अंगावर घोंगड्या. चौकात ओविएदो नव्या निळ्या कोटात उभा होता. त्याच्या शेजारी उत्तरेच्या फौजेचा कॅप्टन रेंखिफो, पंचविशीतला, कानापर्यंत उन्हाने सोललेला. ओविएदो पुढे आला आणि सगळ्यांदेखत त्याने मला मिठी मारली. मी हात खाली ठेवले होते. मग रेंखिफो बघतोय हे ध्यानात आलं, म्हणून एक हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला. एकच.

पेत्रोना मागे खेचरावर होती. तिला दिसलं असेल का, कोण जाणे.

९ मार्च

ओविएदोकडे जेवण. नको म्हणता येण्यासारखं नव्हतं, रेंखिफो स्वतः बोलवायला आला होता. उपासाचे दिवस म्हणून तळ्यातले मासे, वर तिखट मिरचीचा रस्सा. ओविएदोने पेत्रोनासाठी स्वतः खुर्ची ओढली.

"बाई, आम्ही शत्रू होतो तेव्हासुद्धा आपल्या शौर्याच्या गोष्टी ऐकायचो."

"माझ्या भावाच्या ऐकल्या असतील," पेत्रोना म्हणाली. "इसिद्रो. तुम्ही त्याला पुलाला टांगलंत."

ओविएदोने चमचा खाली ठेवला. "युद्ध होतं, बाई. मी हुकुमाचा ताबेदार. त्या सगळ्यांसाठी मी रोज प्रार्थना करतो."

"नाव घेऊन करता?"

रेंखिफो माशाचे काटे काढत राहिला. मी टेबलाखाली पेत्रोनाचा पाय दाबला.

परतताना ती म्हणाली, "पाय का दाबलास?"

"पाहुणे म्हणून गेलो होतो आपण."

ओविएदोचा राग माझ्या हाडात आहे, तो कुठे जात नाही. पण खरं लिहायचं तर त्या घटकेला मला तिचाही राग आला. जे पंधरा वर्षांत बंदुकीने झालं नाही ते एका वाक्याने होणार होतं का?

२३ मार्च

नदीकाठचं घर मिळालं. एक स्पॅनिश व्यापारी ते सोडून पळाला होता. खिडक्यांना काचा आहेत. पलंग इतका मऊ की पहिले दोन दिवस पाठ धरली, आता बरं वाटतंय. गुडघाही कमी दुखतो. पेत्रोना भिंतीकडे जमिनीवर घोंगडी टाकून झोपते. पलंगावर बुडाल्यासारखं होतं म्हणते. सवयीने होईल.

रेंखिफोने शिंपी पाठवून माझ्या अंगाचा कोट शिववला. आरशात पाहिलं. खेचरं हाकणाऱ्या इपोरेचा पोरगा, कॉलरला सोनेरी दोरा. आईने पाहायला हवं होतं.

आज अंगणात मामेर्तोशी वाजलं. सगळ्या टोळ्यांनी बंदुका कोठारात जमा कराव्यात असा हुकूम आहे. तो मी वाचून दाखवला.

"कोणाकडे जमा करायच्या?" मामेर्तोने विचारलं.

"सरकारकडे."

"ते कुठे राहतं?"

"उगाच वाकड्यात शिरू नको. प्रजासत्ताकाकडे."

"बरं. कोठाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?"

मी हुकूम घडी करून खिशात घातला. त्याला ठाऊक होतं.

"मग सरळ सांग ना, ओविएदोला द्यायच्या म्हणून. इतकं वाचायचं कशाला?" तो उठला. नव्या कोटाची बाही त्याने दोन बोटांत धरून पाहिली. "चांगलं कापड आहे. गरम होतं का रे?"

दुपारी तो ऐंशी माणसं आणि ऐंशी बंदुका घेऊन वर निघून गेला. मला म्हणाला, चल. मी म्हणालो, मी गेलो तर इथे आपल्या बाजूने बोलायला कोण उरेल? हे खरंच आहे. कोणीतरी आत असायला हवं.

१४ एप्रिल

व्हायचं तेच झालं. ओविएदोचा लाल मिशीवाला हवालदार डोईपट्टी वसूल करायला तिकापंपाला गेला होता. पूर्वी राजाच्या नावाने तोच जायचा, काठी तीच, फक्त टोपीला फीत नवी. पंधरा वर्षं आम्ही घरोघर सांगितलं होतं की राजा गेला की डोईपट्टी गेली. ओविएदो म्हणतो, कायदे होईपर्यंत जुनी पद्धत चालणार. रेंखिफोलाही हे पटत नाही, पण त्याच्या हातात काही नाही.

काल हवालदाराचं खेचर एकटंच परत आलं.

२९ एप्रिल

ओविएदोने बोलावलं. इतका नम्र मी त्याला पाहिला नव्हता. "कर्नल साहेब, मला वर फौज पाठवायची नाही. पुन्हा गाव जाळलं जावं असं मला वाटत नाही. आपल्यालाही वाटत नसणार." मामेर्तोने खाली येऊन बंदुका द्याव्यात, बंडाची पूर्ण माफी. "ते लोक माझा शब्द मानणार नाहीत, यात त्यांची चूक नाही. आपला मानतील."

मी म्हणालो, माफी लिहून द्या.

त्याचा चेहरा पडला. "खानदानी माणसं एकमेकांकडून कागद मागत नाहीत, कर्नल."

मी आग्रह धरला नाही. आजवर मला खानदानी कोणी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारा ओविएदो असला तरी ते ऐकून बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. निघताना तो म्हणाला की प्रांताच्या लष्करी अंमलदाराची जागा रिकामी आहे, राजधानीला नाव कळवायचंय. याचा मामेर्तोला खाली आणण्याशी काही संबंध नाही. मी त्या जागेवर असेन तर डोंगरातल्या लोकांचं किती भलं करता येईल, हा विचार मात्र आला.

घरी सांगितल्यावर पेत्रोना म्हणाली, "हवालदाराचं बोलला का तो?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"माफी म्हणजे सगळंच आलं त्यात."

"विचारलंस का, एवढंच विचारते."

५ मे

तीन तारखेला वर पोचलो. क्रुसाचा सण होता. दर वळणावर क्रूस फुलांनी मढवलेले. मला पाहून माणसं उठून उभी राहिली, पण जवळ कोणी आलं नाही. असुंताने उकडलेली कणसं आणि सुकवलेले बटाटे पुढे ठेवले आणि आशीर्वादासाठी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सतरा वर्षांची झाली, थेट आपल्या मेलेल्या आईसारखी दिसते.

मामेर्तोने सगळं ऐकून घेतलं. कोकाचा गोळा या गालातून त्या गालात नेला.

"ओविएदोने शब्द दिलाय?"

"दिलाय."

"तो मी पोत्यात घालून नदीत सोडतो. तू देतोस का?"

"देतो."

"मग चल." एवढंच. दुसरं काही विचारलं नाही. त्याच्या माणसांनी कुरकुर केली, तर तो म्हणाला, "कोम्पाद्रे घ्यायला आलाय. नाही कसं म्हणू?"

काल सकाळी निघालो. तो आणि मी पुढे, बंदुका लादलेली खेचरं मागे. नदीच्या उताराशी पाणी पाजायला थांबलो तेव्हा त्याने आपणहून सांगितलं. हवालदाराने एका म्हाताऱ्याला खांबाला बांधून फटके मारले, डोईपट्टीसाठी. "मी सोड म्हटलं. त्याने काठी माझ्यावर उगारली. माझ्या हाताने मेला तो. सुरीने. पोरांपैकी कोणी नव्हतं तिथे. नावं निघाली तर मध्ये पड."

"नावं निघायची नाहीत. माफी सगळ्याला आहे."

"मग बरं झालं," तो म्हणाला आणि ओंजळीने पाणी प्याला.

शहराच्या वेशीवर पहारेकऱ्यांनी बंदुका मोजून घेतल्या. मग मामेर्तोचे हात मागे बांधले. मी विचारलं, हे काय? शिपाई म्हणाला, रीत आहे. रीत असेल. मामेर्तोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उद्या जेवायच्या आत सुटशील. पेत्रोना तुझ्यासाठी मिरचीचं कालवण करतेय."

६ मे

लष्करी न्यायासनावर तिघे होतो. ओविएदो, रेंखिफो आणि मी. मला वाटलं होतं माफी वाचून दाखवतील. ओविएदोने हवालदाराच्या खुनाचं प्रकरण काढलं.

मी लगेच माफीची आठवण करून दिली. हे सर्वांसमक्ष केलं, त्याची नोंद असेल. ओविएदो म्हणाला, माफी बंडाला होती आणि ती मी पाळतोय; बंडाबद्दल त्याला एक शब्दही विचारणार नाही. खून वेगळा.

मामेर्तो काहीच बोलेना. रेंखिफोने तीनदा विचारलं, तू मारलास का? तो समोरच्या भिंतीकडे बघत उभा. रेंखिफोने कागद मिटले. "साक्षीदार नाही, कबुली नाही. एवढ्यावर मी माणसाला शिक्षा देणार नाही. याला सोडावं लागेल."

तेव्हा ओविएदो माझ्याकडे वळला. आवाज अगदी मऊ. "कर्नल इपोरे, आपण दोन दिवस याच्याबरोबर होतात. हवालदाराविषयी तो आपल्याशी काही बोलला का? आपण शपथ घेतलेली आहे."

मी पाणी मागितलं. पाणी आलं, ते प्यालो. लाकडी क्रूस समोरच होता, सकाळी त्यावरच हात ठेवला होता. मी काही पळवाट शोधणाऱ्यांतला नाही. आयुष्यात अनेक गोष्टी केल्या, पण शपथेवर खोटं बोललो नाही. शिवाय खरं सांगितलं तर म्हाताऱ्याला मारलेले फटकेही नोंदीत येतील, आणि रेंखिफो तरुण आहे, त्याला ते लागेल, असं मला वाटलं.

जे ऐकलं ते सांगितलं. फटक्यांसकट.

मामेर्तोने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा अनोळखी माणूस नाव घेऊन हाक मारतो तेव्हा आपण बघतो, तसं.

"म्हातारा खांबाला बांधलेला होता," मी पुन्हा म्हणालो.

"ते लिहिलंय," ओविएदो म्हणाला.

ओविएदोने सही केली, मग रेंखिफोने. मी तिसरा. दोघांचं झालं होतं, माझ्या नाही म्हणण्याने काही बदललं नसतं, फक्त मी बाहेर फेकला गेलो असतो आणि आपल्या उरलेल्या तीनशे माणसांना वाली राहिला नसता. सही केली.

७ मे

सकाळी साडेआठला झालं. गोळ्या घालणारी माणसं आमच्याच टोळीतली होती. ती निवडणं ओविएदोने माझ्यावर सोपवलं होतं, डोंगरात गैरसमज नको म्हणून. हुकूम मी दिला नाही, रेंखिफोने दिला. मी बाजूला उभा होतो.

मामेर्तोने डोळ्यांवर पट्टी घेतली नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. समोरच्या सहा जणांत ग्रेगोर्यो होता, त्याला म्हणाला, "नळी हलतेय बघ. दस्ता खांद्याला घट्ट लाव. किती वेळा सांगितलं तुला."

ग्रेगोर्योने लावला.

८ मे

लिहिण्यासारखं काही नाही.

३० मे

लष्करी अंमलदाराच्या नेमणुकीचा कागद आला. ओविएदोने अभिनंदन केलं. पहिलं काम म्हणून डोईपट्टीबद्दल राजधानीला अर्ज करणार आहे. मसुदा तयार आहे, जरा वातावरण निवळू दे.

ग्रेगोर्यो आणि आणखी सत्तावीस जण पळाले. नियमाप्रमाणे फरारी म्हणून त्यांची नावं चौकात लावावी लागली.

पेत्रोना स्वयंपाक करते, कपडे धुते. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. तिने केलेलं मिरचीचं कालवण दोन दिवस चुलीवर तसंच होतं, मग तिने ते नदीत ओतलं.

१६ ऑगस्ट

राजधानीत सहा तारखेला स्वातंत्र्याची घोषणा झाली. नवा देश झाला. इथे आज घंटा वाजल्या, तोफ उडाली, ओविएदोने भाषण केलं. चांगलं बोलतो. डोंगरात सांडलेल्या रक्ताचा उल्लेख त्याने दोनदा केला आणि तेव्हा माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आलो तर पेत्रोना अंगणात खेचरावर घोंगडी बांधत होती. अंगात डोंगरातला जुना घागरा. इथे शिवलेलं काहीच घेतलं नव्हतं.

"कुठे निघालीस?"

"तिकापंपाला. असुंता एकटी आहे. बटाटे लावायचे दिवस आले."

तीन महिन्यांनी तिचा आवाज ऐकला. मी म्हणालो, सण होऊ दे, मग मीच माणसं देऊन पाठवतो. म्हणाली, तुझी माणसं नकोत. मी लगाम धरला. तिने तो माझ्या हातातून सोडवून घेतला, झटका न देता, एकेक बोट उचलून.

"परत कधी येशील?" मी विचारलं.

ती वर चढून बसली. शाल नीट केली. "मामेर्तोला कोणी मारलं, ते तू ज्या दिवशी सांगशील ना, त्या दिवशी निरोप धाड. मी येईन."

पूल ओलांडून जाईपर्यंत दिसत होती.

तिला माझ्याकडून नक्की काय ऐकायचंय ते मला कळत नाही. यात लपवलेलं काहीच नाही. न्यायासनाच्या कागदावर सगळं आहे: कोणी काय विचारलं, कोणी काय सांगितलं, कोणी सह्या केल्या. तो कागद कोणीही जाऊन बघू शकतं. पेत्रोनाला वाचता येत नाही, एवढीच अडचण आहे.